सासूबाईंचा स्मृतिभ्रंश आणि सुनेचा राजीनामा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ५२ वर्षांच्या माध्यमिक शिक्षिकेने हे पत्र लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्या ७८ वर्षांच्या सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचे, म्हणजे स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या आजाराचे, निदान झाले. घरात पती, बारावीत शिकणारी मुलगी, सासूबाई आणि त्या स्वतः अशी चार माणसे आहेत. पतींचे गावातच खते-बियाण्यांचे दुकान आहे. धाकटे दीर पुण्यात नोकरीला आहेत आणि नणंद कोल्हापूरला असते. शाळेच्या वेळात सासूबाईंजवळ बसणाऱ्या बाईंनी गेल्या महिन्यात काम सोडले, कारण सासूबाईंनी त्यांच्यावर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला. तेव्हापासून पती दुकानातून येऊन-जाऊन लक्ष ठेवतात, तरी दुपारचे दोन तास घराला बाहेरून कुलूप लावावे लागते. “सून मला जेवायला घालत नाही,” असे सासूबाई शेजाऱ्यांना आणि फोनवर लेकीला सांगतात आणि त्यावरून नणंदेने दोनदा सुनावले आहे. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. गेल्या आठवड्यात अंघोळीवरून झालेल्या झटापटीत पत्रलेखिकेने सासूबाईंचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. पतींचे म्हणणे, “तू नोकरी सोड, दुकानावर आपले भागेल.” सासऱ्यांना त्यांच्या अखेरच्या आजारपणात “आईंना कधी आश्रमात ठेवणार नाही” असा शब्दही दिलेला आहे. त्या विचारतात: “निवृत्तीला सहा वर्षे उरली आहेत. मी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी का? आणि कधी कधी मनात येते, की हे आता लवकर संपावे. मी इतकी वाईट आहे का?”

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो मनात सलत असेपर्यंत पहिल्या प्रश्नाचा विचार तुम्ही मोकळेपणाने करू शकणार नाही. “हे लवकर संपावे” हा विचार स्मृतिभ्रंशाच्या माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात येतो आणि बहुतेक जण तो कोणापाशी बोलत नाहीत. तीन वर्षे सलग झोप न मिळालेल्या माणसाला सुटका हवीशी वाटते, यात वाईटपणा नाही. शिवाय ज्या सासूबाईंना तुम्ही लग्न होऊन आल्यापासून ओळखत होता, त्यांच्यातले बरेच काही तुम्ही आधीच गमावले आहे. पण त्याबद्दल रडायला, चार माणसांनी येऊन सांत्वन करायला या आजारात जागाच नसते, कारण माणूस समोर बसलेले असते. ते दुःख साचत राहते आणि कधी रागाच्या, कधी अशा विचाराच्या रूपाने बाहेर येते.

दंडावर उठलेला वळ ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल तुमची नुसती समजूत घालणे मला योग्य वाटत नाही. ते तुम्ही स्वतःहून लिहिलेत, म्हणजे तुम्हालाही ते गंभीर वाटले आहे, आणि ते तसे आहेच. एका माणसाला पेलेल त्यापेक्षा हे ओझे अधिक झाले आहे, याची ती खूण आहे. म्हणून पहिली गोष्ट अशी, की हे आजच पतींना सांगा, वळ दाखवून सांगा. दुसरी अशी, की हात शिवशिवू लागला आहे असे जाणवताच, सासूबाई सुरक्षित बसल्या आहेत एवढे पाहून, खोलीबाहेर जा. दहा मिनिटांनी त्या कशावरून चिडल्या होत्या हे बहुधा त्यांच्या लक्षातही राहिलेले नसते. मनात स्वतःला किंवा त्यांना इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ही सरकारी सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

आणि अंघोळीचा हट्ट सोडा. रोज डोक्यावरून पाणी घेतलेच पाहिजे ही आपली सवय आहे, वैद्यकीय गरज नव्हे. आठवड्यातून दोन-तीनदा अंघोळ आणि बाकीच्या दिवशी कोमट पाण्याने अंग पुसून घेणे पुरेसे असते. त्यांच्या बाजूने पाहिले, तर समोरची बाई कोण आहे हे त्यांना त्या क्षणी उमगत नाही आणि ती परकी बाई आपले पातळ फेडू पाहते आहे; अशा वेळी कोणीही विरोध करील. न्हाणीघर आधी ऊबदार करून ठेवणे, खांद्यावर पंचा राहू देणे, बसायला न घसरणारे स्टूल देणे आणि तांब्या त्यांच्याच हातात देऊन पायांवर पाणी घ्यायला सांगणे, एवढ्याने पुष्कळ वेळा काम होते. नाही झाले, तर तो दिवस सोडून द्यावा.

आता राजीनाम्याकडे येऊ. तुमच्या पत्रातला प्रश्न “मी नोकरी सोडावी का” असा आहे. पण सासूबाईंना तीन मुले आहेत, ती तिन्ही कमावती किंवा संसारात स्थिरावलेली आहेत, आणि तरीही चर्चेला आलेली नोकरी एकच आहे, ती म्हणजे सुनेची. पतींनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवण्याचा, दिरांनी घरून काम करण्याची परवानगी मागण्याचा किंवा नणंदेने महिन्यातले काही दिवस येऊन राहण्याचा पर्याय तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. कदाचित तो कोणी मांडलाच नसेल. हे केवळ तुमच्या घरी घडते असे मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरची माणसे सरासरी दिवसाचे पाच तास शुश्रूषेत घालवतात आणि शुश्रूषेच्या एकूण तासांपैकी सुमारे ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. आपल्याकडे कायदासुद्धा वेगळे बोलतो: आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्यात ‘अपत्ये’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे येतात, सून येत नाही. हे मी कोणाला नोटीस पाठवा म्हणून सांगत नाही. सासूबाईंचे तुम्ही जे करता आहात ते मायेने करता आहात, आणि मायेने द्यायचे किती हे देणाऱ्याने ठरवायचे असते, एवढेच मला म्हणायचे आहे.

नोकरी सोडण्याचा हिशेब पैशांपुरता नाही, पण पैशांपासून सुरू करू. स्वेच्छानिवृत्तीने निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) किती कमी होईल, हे शाळेच्या कार्यालयातून कागदावर मांडून घ्या. अंदाजाने बोलू नका. त्याच्या शेजारी एका चांगल्या मदतनीस बाईंचा महिन्याचा पगार मांडा. दुसरा हिशेब काळाचा आहे. अल्झायमरचे निदान झाल्यानंतर रुग्ण सरासरी चार ते आठ वर्षे जगतो, काही जण त्याहून पुष्कळ अधिक. म्हणजे आज तुम्ही घरी बसलात, तर वयाच्या साठीपर्यंत कदाचित तुमचा प्रत्येक दिवस आणि प्रत्येक रात्र या एका कामाची असेल. शाळेचे सात तास हे सध्या तुमच्या दिवसातले एकमेव तास आहेत, ज्यांत तुमचे नाव घेऊन कोणी हाक मारते, तुम्ही शिकवलेले कोणाच्या लक्षात राहते आणि मधल्या सुटीत चहा पिता पिता चार शब्द बोलता येतात. तेही काढून घेतले, तर वळाचे प्रसंग कमी होतील की वाढतील, याचा विचार करा. माझे मत विचाराल तर सध्या राजीनामा देऊ नये. अर्धवेतनी रजा, बिनपगारी रजा यांतले काय शिल्लक आहे ते मुख्याध्यापकांकडून समजून घ्यावे आणि त्यांना घरची परिस्थिती स्पष्ट सांगून ठेवावी. सगळ्यांनाच हे लागू पडेल असे नाही. जिची नोकरी हीच तिची दमणूक आहे, किंवा जिचा रुग्ण अखेरच्या टप्प्यावर आहे आणि तिला मनापासून त्याच्याजवळ राहायचे आहे, तिने नोकरी सोडली तर तो तिचा निर्णय. फक्त तो इतर कोणी वाटा उचलला नाही म्हणून घ्यावा लागू नये.

वाटा उचलण्याची बोलणी करताना “जरा मदत करा” असे म्हणू नका. त्याला सगळे “हो” म्हणतात आणि काहीच होत नाही. एक वही घ्या आणि सात दिवस, तासातासाचे काम तीत लिहा: किती वाजता उठल्या, कोणी उठवले, औषध कोणी दिले, कपडे किती वेळा बदलले, दुपारी कोण होते. मग पती, दीर आणि नणंद या तिघांना एकत्र बसवा, दीर-नणंदेला प्रत्यक्ष येणे जमत नसेल तर फोनवर घ्या, आणि ती वही वाचून दाखवा. मागणी तासांची आणि रुपयांची करा. पतींना आईला अंघोळ घालणे अवघड वाटत असेल, ते मी समजू शकते; पण रात्री उठणे, औषधांच्या वेळा, संध्याकाळी आईला घेऊन फेरी मारणे, डॉक्टरांकडे नेणे आणि एक वेळचे भरवणे यांत मुलाला न जमण्यासारखे काही नाही. आठवड्यातल्या किमान चार रात्री त्यांच्या असाव्यात आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लोटून झोपावे. दिरांनी मदतनीस बाईंच्या पगाराचा ठरलेला भाग दरमहा परस्पर पाठवावा, म्हणजे तुम्हाला दर वेळी मागावा लागणार नाही.

नणंदेच्या बाबतीत एक सावधगिरी. आपल्याकडे आईला पाळीपाळीने चार-चार महिने एकेका मुलाकडे ठेवण्याची रीत आहे आणि वरवर पाहता ती न्याय्य वाटते. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला मात्र ती फार जड जाते. घरातले संडासाचे दार कुठे, पिण्याचे पाणी कुठे, कोणत्या खिडकीतून उजेड येतो, हे जुन्या सवयीने शरीराला ठाऊक असते. घर बदलले की तो आधारही जातो, गोंधळ वाढतो, कपड्यांत लघवी होऊ लागते आणि जिथून आल्या तिथे परत जायचे म्हणून त्या बाहेर पडतात. म्हणून सासूबाईंनी कोल्हापूरला जाण्याऐवजी नणंदेने तुमच्याकडे येऊन राहावे आणि ते दिवस तुम्ही घराबाहेर, माहेरी किंवा कुठेही घालवावेत. आठवडाभर येता येत नसेल, तर महिन्यातून तीन दिवस सलग यावे. एका दुपारच्या भेटीचा उपयोग नाही, कारण पाहुणा आला की तासभर हे रुग्ण इतके व्यवस्थित बोलतात की पाहणाऱ्याला सून उगीच रडगाणे गाते असेच वाटते. दुसऱ्या रात्री तीन वाजता काय होते, ते पाहिल्यावर नणंदबाईंना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

“जेवायला घालत नाही” या वाक्याने तुम्ही सर्वांत अधिक दुखावला आहात, हे तुमच्या पत्रावरून कळते. सासूबाई खोटे बोलत नाहीत. नवीन अनुभव साठवण्याचे काम करणारा मेंदूचा भाग या आजारात लवकर निकामी होऊ लागतो. अर्ध्या तासापूर्वीचे जेवण त्यांच्यापुरते झालेलेच नसते. “आताच तर जेवलात” हे ऐकून त्यांना आपली फसवणूक होते आहे असे वाटते आणि वाद वाढतो. जेवण झाल्यावर ताट लगेच उचलू नका, थोडा वेळ समोर राहू द्या. भाकरी-भाजी एकदम वाढण्याऐवजी निम्मे अकराला आणि निम्मे एकला द्या. मधल्या वेळी मागितले तर केळे किंवा दोन चमचे शिरा ठेवा. गिळताना ठसका लागत असेल, तर फुटाणे, शेंगदाणे टाळा आणि ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

शेजाऱ्यांपासून आजार लपवण्याचे कारण नाही, उलट तो लपवल्यानेच संशयाला जागा मिळते. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला आहे. तुमच्या आळीतही आणखी एखादे असे घर असेल आणि तिथे “वयामुळे विसरतातच” म्हणून विषय बंद केला जात असेल. शेजारपाजार, कोपऱ्यावरचा दुकानदार, रिक्षा स्टँड या सगळ्यांना सांगून ठेवा, की आजी एकट्या दिसल्या तर हात धरून घरी आणा किंवा फोन करा. त्यांच्या पातळाच्या आतल्या काठाला फोन क्रमांक लिहिलेली पट्टी शिवा आणि फोनमध्ये त्यांचे अलीकडचे छायाचित्र ठेवा.

बाहेरून कुलूप लावणे मात्र थांबले पाहिजे. गॅस, वीज, पडणे, घाबरून खिडकीशी धडपडणे, यांतले काहीही त्या दोन तासांत होऊ शकते आणि बाहेरून कोणी आत जाऊ शकणार नाही. नवी मदतनीस मिळेपर्यंत ते दोन तास पतींनी दुकान बंद ठेवून घरी असावे. दुपारी तसेही गिऱ्हाईक कमी असते, आणि हे त्यांच्या आईसाठी आहे. तुमच्या मुलीवर हे तास टाकू नका, तिचे बारावीचे वर्ष आहे. तिने आजीजवळ अर्धा तास गप्पा मारत बसावे, एवढे पुरे.

मदतनीस बाई टिकत नाहीत, कारण आळ येणार हे त्यांना कोणी आधी सांगितलेले नसते. ठेवलेली वस्तू सापडली नाही की ती कोणीतरी चोरली, अशी मेंदूने केलेली ती जुळवाजुळव असते आणि आळ नेहमी जवळच्या माणसावर येतो. दागिन्यांचे असे करा: तिन्ही भावंडांच्या समोर यादी करून, यादीवर तिघांच्या सह्या घेऊन, खरे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि सासूबाईंना रोल्डगोल्डच्या पाटल्या घाला. याने नव्या बाईंचे रक्षण होईल आणि तुमचेही. उद्या आळ तुमच्यावर येणारच नाही असे नाही. सोडून गेलेल्या बाईंकडे एकदा पतींसह जाऊन, आजार समजावून, दिलगिरी व्यक्त करून पाहा. जमल्यास एका बाईंऐवजी अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या दोघी ठेवा, आठवड्यातून एक दिवस सुटी द्या, आणि त्या गावातल्याच असतील तर अधिक बरे. ब्युरोतून आलेल्या माणसाला सासूबाईंची बोली, देवधर्म, खाण्याच्या आवडी हे सगळे पहिल्यापासून शिकवावे लागते.

तिन्हीसांजेला सासूबाई “माझ्या घरी जायचंय” म्हणून गाठोडे बांधतात, असे तुम्ही लिहिले आहे. संध्याकाळी अस्वस्थता वाढणे हे या आजारात नेहमीचे आहे. अंधार पडायच्या आधीच घरातले दिवे लावा, सावल्या पडणाऱ्या खिडक्यांचे पडदे ओढून घ्या, आणि त्या वेळेला हाताला काम द्या. वाती वळणे, मेथी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही हातांची स्मृती फार उशिरापर्यंत टिकते. (वातींचा ढीग होईल, सगळ्या आळीच्या दिवाळीला पुरेल इतका, होऊ द्या.) “हेच तर तुमचं घर” असे पटवत बसू नये. “घरी कोण कोण आहे?” असे विचारले, की बहुधा त्या माहेरच्या अंगणाविषयी बोलू लागतात आणि गाठोडे बाजूला राहते.

सासरे कुठे गेले, असे त्या विचारतात तेव्हा “बाहेर गेलेत” म्हणावे लागते आणि ते खोटे बोलणे तुम्हाला टोचते. ते वारल्याचे दर वेळी सांगणे म्हणजे त्या बाईंना दर वेळी नव्याने विधवा करणे आहे, तेव्हा ते करू नकाच. पण खोट्याचीही फारशी गरज पडत नाही. “त्यांची आठवण येतेय ना? त्यांना कुठली भाजी आवडायची हो?” असे विचारता येते. त्यात तुम्ही काही खोटे बोललेल्या नसता आणि त्यांना जे हवे असते, म्हणजे सासऱ्यांविषयी कोणीतरी बोलणे, ते मिळते.

डॉक्टरांविषयी थोडेच लिहिते, कारण तपासणी झालेली आहे. तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीत ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड पाहिले होते का, हे कागद काढून बघा. यांच्या कमतरतेने विसराळूपणा वाढतो आणि त्यावर उपचार आहेत. ऐकू कमी येत असेल, तर तेही तपासा. सध्याच्या गोळ्या आजार बरा करीत नाहीत, काही काळ लक्षणे थोडी आवरतात, एवढीच अपेक्षा ठेवावी. मात्र एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, भास होऊ लागले किंवा त्या सुस्त पडून राहिल्या, तर “आजार वाढला” असे समजून बसू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, ताप किंवा नवे औषध हे कारण असू शकते आणि ते बरे होते, तेव्हा त्याच दिवशी दाखवा. झोपेची गोळी किंवा शांत करणारी औषधे दुकानातून स्वतःच्या मनाने कधीही आणू नका. वृद्ध स्मृतिभ्रंश रुग्णांमध्ये अशा काही औषधांनी जीवाला धोका वाढतो. आणि पुढच्या खेपेला त्याच दवाखान्यात स्वतःचा रक्तदाबही मोजून घ्या.

पैशांचे व्यवहार हा विषय तुम्ही काढलेला नाही, तरी अशाच परिस्थितीतल्या इतर घरांसाठी सांगते. पुष्कळ जण आईवडिलांकडून कुलमुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. आपल्या करार कायद्यानुसार, ते देणाऱ्याची सारासार बुद्धी गेली की मुखत्यारपत्राचा अंमलही संपतो. म्हणून निदान झाल्यावर लगेच, सही करण्याइतकी समज शाबूत असताना, खाते संयुक्त करणे, वारस नोंदवणे, मृत्युपत्र करायचे असल्यास तेव्हाच करणे, ही कामे तिन्ही भावंडांना विश्वासात घेऊन उरकावीत. ती वेळ निघून गेली असेल, तर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो आणि त्यासाठी वकिलांचा सल्ला घ्यावा.

सासऱ्यांना दिलेल्या शब्दाकडे मी मुद्दामच उशिरा येते आहे. तो शब्द मागताना त्यांच्या मनात काय होते, याचा विचार करा. बायको टाकून दिल्यासारखी होऊ नये, उपाशी राहू नये, तिला कोणी दुखवू नये, हीच भीती त्यांना असणार. तेव्हा हा आजार घरात आलेला नव्हता, आणि तो आल्यावर घरी ठेवणे व नीट सांभाळणे या दोन गोष्टी कायम बरोबर राहतील, अशी खात्री त्यांनाही देता आली नसती. सासूबाईंना उद्याच निवासी केंद्रात ठेवा, असे मी सुचवीत नाही. वर सांगितलेली वाटणी झाली तर त्या अजून बराच काळ घरीच राहू शकतील. पण ते दार शब्दाच्या नावाने कायमचे बंद करू नका. वेळ आली तर कुठलाही वृद्धाश्रम चालत नाही. अनेक आश्रम स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेतच नाहीत आणि काही घेतात ते केवळ खोलीत बंद ठेवण्यासाठी. म्हणून गरज नसतानाच, दोन-तीन केंद्रे पतींनी आणि नणंदेने मिळून पाहून यावीत, आधी न कळवता आणि शक्यतो संध्याकाळी. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे असतात, पडल्यास कोणाला बोलावतात, कोणाला बांधून ठेवतात का, असे उघड विचारावे, आणि तिथे वास कसा येतो हेही पाहावे.

तुमच्यासारख्यांना आधार दिल्याने फरक पडतो का, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून मिळालेले आहे. तिथे ८१ कुटुंबांबरोबर केलेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्या सहा महिने घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांना आजार समजावून सांगत, अवघड वागण्याला कसे तोंड द्यावे ते दाखवीत आणि नातेवाइकांचे जाळे उभे करायला मदत करीत. त्यानंतर काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य लक्षणीय सुधारले. ही मदत औषधांची नव्हती, माहितीची आणि सोबतीची होती, आणि असे काही तालुक्याच्या गावी राहूनही मिळवता येते. १९९२ मध्ये केरळात सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या देशभर शाखा आहेत, मुंबईतही आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जवळची केंद्रे, कायद्याची माहिती तिथे विचारता येते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काळजी घेणाऱ्यांसाठी काही उपक्रम आहे का ते पाहा. पुण्या-मुंबईकडच्या स्वमदत गटांत काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात; त्यांच्या बैठका काही वेळा फोनवरही होतात आणि तिथे “मला कधी कधी वाटते हे संपावे” असे म्हटले तर कोणी दचकत नाही.

राजीनाम्याचा निर्णय येत्या उन्हाळी सुटीपर्यंत पुढे ढकला आणि ही तारीख पतींनाही सांगा. तोपर्यंत वही चालू ठेवा: कोणत्या रात्री कोण उठले, दिरांचे पैसे कोणत्या तारखेला आले, नणंद किती दिवस राहून गेल्या, तुम्ही सलग सहा तास झोपलात असे दिवस किती. सुटी लागली की ती वही घेऊन त्याच तिघांना पुन्हा बसवा. ठरलेले पाळले गेले असेल, तर नोकरी सोडण्याचे कारणच उरणार नाही. पाळले गेले नसेल, तर मग दुसऱ्या मदतनीस बाई ठेवायच्या की पाहून ठेवलेल्या केंद्रांपैकी एखाद्यात सासूबाईंना आधी पंधरा दिवस राहू द्यायचे, यावर बोला. पण त्या बैठकीतही तुमचा राजीनामा विषयपत्रिकेवर घेऊ नका.